बोअरवरून नदीच्या पाण्यावर येताना: वाढत्या शहराचा पाणीस्रोत बदलण्याची कार्यपद्धती

सोलापूरच्या हद्दवाढ भागातील एखाद्या वसाहतीला बोअरऐवजी नदीचे पाणी मिळणार असे ठरले, की लोक दोनच गोष्टी विचारतात: पाणी किती दिवसांआड येणार आणि किती वेळ राहणार. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्यांच्या हाती योजनेचे काम आहे त्यांनी त्याआधी एक तिसरा प्रश्न विचारला पाहिजे, तो असा की हे नवे पाणी जुन्या पाईपांना मानवेल का. परगावी गेल्यावर पाणी बदलले की माणसाचे पोट बिघडते, हे आपण गृहीतच धरतो. वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे पाणी वाहून नेलेल्या लोखंडी पाईपचेही तसेच होते, फक्त त्याचा त्रास नळाखाली घागर लावणाऱ्याला सोसावा लागतो.

सोलापूर शहराला नदीचे आणि तलावाचे पाणी नवीन नाही. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, भीमेवरील औज व चिंचपूर बंधाऱ्यांत अडवलेल्या पाण्यातून टाकळीच्या उपशाने, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून असे तीन बाजूंनी पाणी येते व ते पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ येथील जलशुद्धीकरण केंद्रांत शुद्ध होते. तथापि १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या गावठाणांभोवती जी नगरे उभी राहिली, त्यांतील अनेक नगरांची सुरुवात बोअर, हापसे आणि टँकर यांवरच झाली. पुढील विवेचन अशा वस्त्यांना, किंवा अशाच अवस्थेतील एखाद्या लहान शहराला, नदीच्या पाण्यावर आणणाऱ्या अभियंत्यांसाठी व त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या लोकप्रतिनिधींसाठी आहे. सोसायटीच्या चिटणीसांनी निदान शेवटचा भाग वाचावा.

हिशेब आधी मांडावा

पाण्याची गरज काढणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. दरडोई दररोज १३५ लिटर या मानकाने ही गरज सुमारे १२८ दशलक्ष लिटर होते, आणि वाटेतील १५ टक्के गळती धरली तर दररोज १५० दशलक्ष लिटर पाणी उचलावे लागते. वर्षाचा हिशेब केला तर हे पाणी दोन टीएमसीपेक्षा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) किंचित कमीच भरते. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातील उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. म्हणजे शहरापुरते पाणी धरणात नसते असे नव्हे. अडचण असते ती पाण्याच्या वाटेची.

ही वाट नदीपात्रातून असेल, तर सोडलेल्या पाण्यापैकी बराच भाग बाष्पीभवनात, वाळूत आणि काठावरच्या मोटारींत जातो, आणि बंधाऱ्यात शहराच्या वाट्याचे पाणी पोहोचावे म्हणून त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावे लागते. वाट पाईपची असेल, तर खर्च विजेचा असतो. म्हणून जलसंपदा विभागाकडून पाण्याचे आरक्षण घेताना ते कोणत्या वाटेने मिळणार हेही लेखी ठरवून घ्यावे. जॅकवेलची, म्हणजे ज्या विहिरीतून पंप पाणी उचलतात तिची, पातळी ठरवताना सरासरी वर्ष धरू नये. उजनी उन्हाळ्यात उणे साठ्यात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, जाते आणि मग तरंगते पंप लावून दुबार, प्रसंगी तिबार पंपिंग करावे लागते, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. वाईटातल्या वाईट मे महिन्याची पातळी काढावी आणि उपसा तिच्याखाली ठेवावा. पंपगृहाला दुसऱ्या उपकेंद्रावरून पर्यायी वीजवाहिनी नसेल तर योजना पूर्ण झाली असे समजू नये, कारण दोन तास वीज गेली की लांबची जलवाहिनी पुन्हा भरून दाब येईपर्यंत अर्धा दिवस जातो आणि 'पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलण्यात आला आहे' ही सूचना काढावी लागते.

दोन्ही पाण्यांची ओळख

आपल्याकडचे भूजल बेसाल्टच्या भेगांतून आणि मुरमाच्या थरातून येते. ते दिसायला स्वच्छ असते, बाराही महिने त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. वस्तीतील शोषखड्डे जवळ असतील तर त्यात नायट्रेटही सापडते, आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

नदीचे पाणी याच्या नेमके उलट वागते. त्यात क्षार साधारणपणे कमी असतात, परंतु पहिल्या पुराचे पाणी, दिवाळीनंतरचे निवळ पाणी आणि मे महिन्यातील तळाचे पाणी ही जणू तीन वेगळी पाणी असतात. त्यातच उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना व भीमा यांच्यामार्गे येऊन पडते, त्यामुळे उन्हाळ्यात शेवाळ वाढून पाणी हिरवे दिसते आणि त्याला मातकट वास येतो. हा वास तुरटीने जात नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाच्या भुकटीची सोय केंद्रात आधीच करून ठेवावी लागते.

म्हणून नदीच्या पाण्याचा एक नमुना तपासून निर्णय घेऊ नये. एक संपूर्ण वर्ष, महिन्यातून किमान एकदा आणि पुराच्या दिवसांत रोज, नमुने घ्यावेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत, काठिण्य २०० पर्यंत आणि गढूळता १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळतेचे एकक) स्वीकार्य असते, तर नायट्रेट ४५ च्या वर जाऊ नये. हे आकडे पिणाऱ्याच्या दृष्टीने ठरवलेले आहेत. पाईपच्या दृष्टीने सामू (पीएच), अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), कॅल्शियम, क्लोराइड आणि सल्फेट ही पाच मापे पाहावी लागतात, आणि नेमकी हीच मापे प्रयोगशाळेच्या नेहमीच्या अहवालात कडेला पडलेली असतात. सामू जागेवरच मोजावा. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बदललेला असतो.

पाईप काय म्हणतात ते पाहावे

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे वाळवंटी शहर आहे. ते पूर्वी पूर्णपणे भूजलावर होते. उपसा वाढून पाण्याची पातळी खाली गेली, तेव्हा पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी शुद्ध करून नोव्हेंबर १९९२ मध्ये शहराच्या मोठ्या भागात सोडण्यात आले. शुद्धीकरण केंद्र नवे होते आणि पाणी पिण्यास योग्य होते, तरीही जुन्या भागांतील नळांना गंजाचे तांबडे पाणी येऊ लागले, पाईप फुटले, घरोघरच्या पाणी तापवण्याच्या टाक्या खराब झाल्या. १९९४ मध्ये हा पुरवठा थांबवावा लागला आणि १९९५ मध्ये मतदारांनी थेट पुरवठ्यावर निर्बंध घालणारा ठराव संमत केला. नंतर नदीचे पाणी ॲव्हरा खोऱ्यात जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून ते उपसण्याची पद्धत शहराने स्वीकारली, आणि २००१ पासून असे मिश्र पाणी लोकांना मिळू लागले. केंद्रातून निघालेले पाणी चांगले होते आणि नळाला आलेले वाईट. बिघाड मधल्या पाईपांत होता.

असे होण्याची कारणे दोन. पहिले रासायनिक आहे. जुन्या बिडाच्या आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपच्या आत गंजाचे व चुन्याचे जे थर जमलेले असतात, ते त्या विशिष्ट पाण्याशी जुळवून घेऊन स्थिर झालेले असतात. सामू घसरला, अल्कता कमी झाली किंवा तिच्या मानाने क्लोराइड-सल्फेट वाढले, की हे थर सुटू लागतात. दुसरे कारण साधे, प्रवाहाचे आहे आणि ते अनेकदा विसरले जाते. बोअरच्या योजनेत पाणी ठिकठिकाणाहून थोडेथोडे आत येते. नदीच्या योजनेत ते एका टोकाकडून, एका मोठ्या टाकीतून येते. त्यामुळे कित्येक गल्ल्यांत पाण्याची दिशाच उलटते, वेग वाढतो, आणि वीस वर्षे तळाशी निवांत बसलेला गाळ उठतो. पाण्याचा सामू कितीही सांभाळला तरी हा गाळ उठायचा तो उठतोच.

तेव्हा पाईपची परीक्षा अशी घ्यावी. गळती दुरुस्त करताना कापलेले पाईपचे तुकडे भंगारात घालू नयेत. वेगवेगळ्या पेठांतून निदान सहा तुकडे, प्रत्येकी फूट-दीड फूट लांबीचे, ओले असतानाच गोणपाटात गुंडाळून आणावेत. आत डोकावून पाहिले तर सहा इंची पाईपमध्ये चार इंचही मोकळी वाट उरलेली नसते, असे बरेचदा दिसते. भिंतीवर तांबूस गाठी असतात. स्क्रूड्रायव्हरने एखादी फोडली की वरचे कवच कडक लागते आणि आतून काळसर, चिकट लगदा निघतो. तो लगदा बोटावर घेऊन पाहण्याचा अनुभव ठेकेदाराच्या शंभर पानी अहवालापेक्षा अधिक शिकवतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

या तुकड्यांची दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करून त्यांत दोन आठवडे बोअरचेच पाणी, दर बारा तासांनी बदलत, भरावे आणि निघालेल्या पाण्याची गढूळता, लोह व उरलेले क्लोरीन नोंदवावे. त्यानंतर एक चतुर्थांश नदीचे शुद्ध केलेले पाणी, मग अर्धे, मग पूर्ण, असे टप्पे घ्यावेत. ज्या टप्प्यावर लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ लागते, तिथे कपड्यांवर डाग पडण्याची सुरुवात होते असे समजावे आणि पुढे जाण्याआधी पाण्यात दुरुस्ती करावी. चुन्याची निवळी देऊन सामू आठच्या आसपास आणणे हा पहिला आणि स्वस्त उपाय आहे. मात्र सामू जितका चढेल तितकी क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद उतरते, त्यामुळे या दोहोंचा मेळ त्या त्या पाण्यासाठी प्रयोगानेच बसवावा लागतो. ज्या गल्लीतील तुकडा कोणत्याच टप्प्यावर शांत होत नाही, त्या गल्लीतील पाईप बदलण्याचे अंदाजपत्रक पाणी सोडण्याआधी मंजूर करून घ्यावे. काळ्या मातीत पुरलेला पाईप बाहेरूनही खाल्लेला असतो, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि सांधे हलवते. तिथे नवा दाब आला की फुटीच वाढतात.

केंद्रातील काम: जार टेस्ट

बोअरच्या पाण्याला टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) पुरत होती. नदीच्या पाण्याला तुरटी, निवळणी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन हे चारही टप्पे लागतात आणि त्यांचे प्रमाण रोज बदलते. बोअर चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला एका आठवड्याच्या प्रशिक्षणावर केंद्रात उभे करणे ही मोठी चूक ठरते. त्याला किमान एक पावसाळा जुन्या केंद्रातील माणसाच्या हाताखाली काढू द्यावा.

तुरटीचे प्रमाण ठरवण्यासाठी सहा जार घ्यावेत, प्रत्येकात एक लिटर कच्चे पाणी घ्यावे आणि लिटरला १० पासून ६० मिलिग्रॅमपर्यंत चढत्या क्रमाने तुरटीचे द्रावण घालावे. एक मिनिट वेगाने, मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांनी ढवळावे. नंतर पंधरा-वीस मिनिटे तीस फेऱ्यांच्या आसपास संथ ढवळावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. संथ ढवळताना पाण्यात आधी धुके दाटल्यासारखे होते, मग टाचणीच्या डोक्याएवढे कापसासारखे पुंजके दिसू लागतात. ज्या जारमध्ये ते लवकर आणि जड बनून तळाशी बसतात व वरचे पाणी सर्वांत निवळ राहते, त्यातील कमीत कमी प्रमाण निवडावे. जास्त तुरटीने पाणी अधिक स्वच्छ होते हा समज चुकीचा आहे. प्रत्येक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते आणि सामू खाली ओढते, म्हणजे पुराच्या दिवसांत सैल हाताने टाकलेली तुरटी पुढे पाईपच्याच मुळावर येते. जार टेस्टच्या नोंदीत म्हणूनच ढवळण्यापूर्वीचा आणि नंतरचा सामू हे दोन रकाने असलेच पाहिजेत.

लांबच्या जलवाहिनीचा एक फायदाही आहे. शंभर किलोमीटरच्या वाटेवर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर त्याला पोहोचायला अठ्ठावीस तास लागतात. धरणावरच्या माणसाने गढूळता वाढल्याचा फोन केला तर केंद्राला तयारीसाठी एक दिवस मिळतो. तो फोन कोणी करायचा आणि कोणी घ्यायचा, हे नावानिशी ठरलेले असावे.

शेवाळलेल्या पाण्यात सुरुवातीलाच भरमसाट क्लोरीन घालणे टाळावे, कारण सेंद्रिय पदार्थांशी त्याची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगे बनतात. क्लोरीनचा मुख्य डोस गाळणीनंतर द्यावा आणि त्याचा खरा हिशेब केंद्रात न करता शेवटच्या गल्लीतील शेवटच्या घरी करावा; तिथे ओटी (क्लोरीन तपासण्याचे ऑर्थोटोलिडीन द्रावण) टाकल्यावर पिवळी छटा आली पाहिजे, म्हणजेच लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले पाहिजे.

प्रत्यक्ष बदल

बदलासाठी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम. धरण भरलेले असते, गढूळता उतरलेली असते आणि थंडीमुळे क्लोरीन टिकते. पहिल्या पुरात बदल करू नये, आणि संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेने शहरात गर्दी होते त्या दिवसांतही नवा प्रयोग नको.

संपूर्ण शहर एका दिवसात बदलू नये. एका जलकुंभाखालील एक भाग निवडावा, आणि तो शक्यतो पाईप नवे असलेला असावा, म्हणजे कर्मचाऱ्यांचा हात बसेपर्यंत लोकांना त्रास होत नाही. मिश्रण जलकुंभात करावे, पाईपमध्ये नव्हे. परदेशी पुस्तकांत प्रत्येक प्रमाण 'दोन आठवडे' ठेवावे असे दिलेले असते, ते चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरांसाठी आहे. जिथे पाणी चार दिवसांआड येते तिथे दोन आठवड्यांत पाईपला नवे पाणी जेमतेम तीन-चार वेळा भेटते. म्हणून आपण दिवस मोजू नयेत, पाळ्या मोजाव्यात. प्रत्येक प्रमाणाला किमान आठ-दहा पाळ्या द्याव्यात आणि तक्रारी स्थिर झाल्यावरच पुढचे प्रमाण घ्यावे. पाळीच्या पुरवठ्यात पाईप मधल्या काळात रिकामा होतो, हवा लागून गंज सैल होतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते, त्यामुळे पहिल्या पाच-दहा मिनिटांचे पाणी नेहमीच संशयास्पद मानावे.

त्याआधी पाईप धुऊन घ्यावेत. स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे, एका वेळी एकच वाहिनी उघडून आणि बाकीचे व्हॉल्व्ह बंद करून, सेकंदाला दीड मीटर वेग मिळेल असे पाणी सोडावे. सहा इंची पाईपला त्यासाठी सेकंदाला सुमारे २६ लिटर पाणी लागते. बोअरवरून एवढे पाणी मिळत नाही, जलकुंभ भरलेलाच हवा. या कामात नकाशापेक्षा चावीवाला अधिक उपयोगी पडतो, कारण डांबराखाली गेलेले निम्मे व्हॉल्व्ह केवळ त्याच्या डोक्यात असतात. तो निवृत्त होण्याआधी त्याच्यासोबत फिरून प्रत्येक व्हॉल्व्हची जागा नोंदवून घ्यावी. धुण्याचे पाणी शक्य तेवढे टँकरमध्ये धरून झाडांना किंवा बांधकामांना द्यावे. चार दिवस थांबलेल्या बायकांसमोर गटारात पाणी सोडले तर त्या जे बोलतील, ते ऐकून घेण्याखेरीज अभियंत्याच्या हाती काही उरत नाही.

तक्रारवहीत 'पाणी खराब' एवढेच लिहू नये; रंग लिहावा. तांबडे पाणी लोखंडी पाईपच्या गंजाचे, काळपट पाणी बहुधा मँगनीजचे किंवा कुजक्या गाळाचे. पांढरट पाणी ग्लासात धरल्यावर खालून वर निवळत गेले तर ती फक्त हवा असते, वरून खाली निवळले तर गाळ असतो. वास गटाराचा असेल तर तो बदलाचा परिणाम मानून थांबू नये, त्याच दिवशी खोदून गळती शोधावी. वहीतील पत्ते संध्याकाळी नकाशावर टाचण्यांनी लावले की कोणता पाईप दुखतो आहे ते दिसते.

घरे, कारखाने, दवाखाने

ज्यांचे काम पाण्याच्या गुणांवर चालते त्यांना महिनाभर आधी लेखी कळवावे. चादरी आणि टॉवेलचे सूत रंगवणाऱ्यांनी बोअरच्या जड पाण्यावर आपली प्रमाणे बसवलेली असतात. काठिण्य बदलले की रंगाची छटा बदलते, आणि पाण्यात लोह आले तर फिकट रंग मळकट दिसतात. डायलिसिस केंद्रांना क्लोरीनच्या बदलाची सूचना देणे तर अनिवार्य आहे, कारण त्यांच्या गाळण्यांतील कोळसा त्यानुसार बदलावा लागतो.

सोसायट्यांत सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे बोअर आणि महापालिकेचे पाणी यांची जोडणी. आमच्याच वसाहतीत दोन्ही पाइप एका व्हॉल्व्हने जोडलेले होते. तो व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता आणि बोअरची मोटार चालू झाली की पाणी महापालिकेच्या वाहिनीत मागे ढकलले जात होते, हे शेजारच्या गल्लीत खारट पाणी आल्यावर उघड झाले. जोड व्हॉल्व्हने बंद करू नये, पाईप कापून मध्ये वीतभर मोकळी जागा ठेवावी. नवे पाणी येण्याआधी जमिनीखालची आणि गच्चीवरची अशा दोन्ही टाक्या उपसून, घासून, टीसीएलच्या द्रावणाने धुवाव्यात. अंघोळीनंतर साबण अंगावरून लवकर जात नाही अशी तक्रार काही दिवस येईल. ती जड पाण्याची सवय सुटण्याची खूण आहे, त्यात पाण्याचा दोष नाही.

बोअर मात्र बुजवू नयेत. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात प्रत्येक चालू बोअर हा दुबार पंपिंगच्या उन्हाळ्यातील राखीव साठा आहे, आणि उपसा थांबल्यावर त्यातील पातळी वर येते. प्रत्येक बोअरला झाकण व कुलूप असावे, छतावरचे पाणी गाळून त्यात मुरवावे, आणि महिन्यातून एकदा मोटार अर्धा तास चालवून दारावर लावलेल्या कार्डावर तारीख, पाण्याची पातळी, विद्राव्य क्षार आणि किल्ली कोणाकडे आहे त्याचे नाव लिहावे.